पाटी नसलेल्या दुकानाविषयी

अंत्यविधीच्या साहित्याविषयी सहसा कोणी अभिप्राय लिहीत नाही. ज्या घराला त्याची गरज पडते त्या घराला त्या वेळी काही वाचण्याची सवड नसते, आणि पुढे तो विषय पुन्हा काढण्याची कोणाची इच्छा नसते. जुलै २०२४ मध्ये माझ्या धाकट्या भावाची पत्नी कावीळ होऊन नऊ दिवसांत गेली. ती एकतीस वर्षांची होती. मागे सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा राहिला. त्या रात्रीपासून पुढच्या काही महिन्यांत शवपेटी, देह ठेवायची शीतपेटी, फ्लेक्स आणि कबरीचा दगड यांसाठी मला वेगवेगळ्या माणसांकडे जावे लागले, आणि त्यांपैकी एकाचे काम इतके चांगले व एकाचे इतके निष्काळजी होते की दोन्हींची नोंद कोठेतरी असावी असे वाटते. चांगले काम करणाऱ्या सुतारमामांनी आपले नाव छापू नये असे सांगितले आहे. इतरांची नावे मी स्वतःच गाळली आहेत.

आमचे गाव नेवासे तालुक्यात आहे. गावात ख्रिस्ती घरे चाळिसेक, चर्च छोटे, पाळकसाहेब तीन गावांत मिळून एक. मुंबईत एक फोन केला की पेटीपासून गाडीपर्यंत सगळे घेऊन येणारे लोक असतात, असे ऐकून आहे. आमच्याकडे अशी एकखांबी व्यवस्था नाही. एक वस्तू फाट्यावर, दुसरी तालुक्याला, तिसरी नगरला, आणि या सगळ्यांना एका रात्रीत जमवून आणणारा माणूस म्हणजे घरातला जो कोणी त्या वेळी उभा राहू शकतो तो.

सुतारमामांचे दुकान नगर–संभाजीनगर रस्त्यावरच्या एका फाट्यापासून थोडे आत आहे. दुकानाला पाटी नाही. पुढे दाराच्या चौकटी आणि एक-दोन खाटा उभ्या असतात, आणि मागच्या छपरात फळ्या रचलेल्या असतात. मामा हिंदू सुतार आहेत. त्यांचे वडील मिशनच्या बोर्डिंगसाठी बाके करीत आणि लागली तर पेटीही करीत, त्यामुळे पंचक्रोशीतील आम्हा ख्रिस्ती लोकांचे पेटीचे काम वडिलांमागे त्यांच्याकडेच राहिले. तयार पेट्या ते ठेवत नाहीत. मोठ्या गावातल्या दुकानात तीन-चार मापांच्या पेट्या भिंतीला टेकवलेल्या असतात आणि त्यातली जी जवळ येईल ती माणसाला दिली जाते. मामांच्या म्हणण्याप्रमाणे तयार पेटी दुकानात दिसली की चौकट घ्यायला आलेले गिऱ्हाईक परत जाते. कारण व्यवहारी आहे, पण त्याचा परिणाम असा की येथे प्रत्येक पेटी त्या माणसाच्या मापाची होते.

आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. भावाला घरात बसवत नव्हते म्हणून तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसून आला होता. मामांनी दिवा लावला, आम्हाला पाणी दिले आणि एकच विचारले, "माती किती वाजता ठेवलीय, गुरुजी?" दुसऱ्या दिवशी दुपारी तीन, असे मी सांगितले. मग त्यांनी उंची विचारली, आणि आम्हा दोघांनाही ती सांगता येईना. नऊ वर्षे आमच्या घरात वावरलेल्या बाईची उंची घरातल्या कोणाला माहीत नव्हती. आधार कार्डावर उंची नसते, रेशन कार्डावर नसते, दवाखान्याच्या केसपेपरवर वजन होते पण उंची नव्हती. मी घरी फोन लावू लागलो, तेव्हा मामांनी मला हाताने थांबवले आणि भावाला म्हणाले, "दादा, जरा उभे राहा. वहिनी शेजारी उभ्या राहिल्या की तुमच्या कुठपर्यंत यायच्या?" भावाने आधी कानाच्या पाळीजवळ हात नेला, मग तो थोडा खाली आणला, खांद्याच्या वर चार बोटे, आणि तेथे धरून ठेवला. मामांनी एक पट्टी त्याच्या पायापाशी टेकवून त्या हातापर्यंत पेन्सिलीने खूण केली. माप पाच फूट एक इंच निघाले. त्यांनी ते काचकागदाच्या पाठीवर लिहिले, त्यात पावलांसाठी आणि उशीसाठी सहा इंच मिळवले, आणि खांद्याची रुंदी मात्र कोणाला न विचारता आपल्या अंदाजाने धरली.

या एका प्रश्नासाठी मी हा अभिप्राय लिहिण्याचे ठरवले, असे म्हटले तरी चालेल. घरी फोन केला असता तर कोणीतरी टेप घेऊन तिच्याजवळ गेले असते, आणि तिची आई तेव्हा तेथेच बसलेली होती.

आता वस्तूविषयी. पेटी आंब्याच्या पाऊण इंची फळ्यांची होती. प्लायवूडची करून मागणारे बरेच असतात, कारण ती हलकी आणि दिसायला सफाईदार होते. परंतु जुलैचा महिना, आमची जमीन काळी, आणि खड्ड्यात पाणी उतरणार हे ठरलेले, त्यामुळे हलक्या प्रतीच्या प्लायचे थर भिजून सुटतात आणि तळ धोका देतो, असे मामांनी स्वतःहून सांगितले. तळाला त्यांनी आडव्या तीन पट्ट्या जास्तीच्या मारल्या. आतून सॅटिनऐवजी साधे पांढरे सुती कापड लावले, कारण सॅटिनवर देह सरकतो आणि खांदा बदलताना ते वाहणाऱ्यांना जाणवते. उशी रंधा मारताना निघालेल्या लाकडाच्या कुरळ्या सोलपटांची केली होती. बाहेरून पांढरे कापड आणि झाकणावर काळ्या फितीचा क्रूस. दोन्ही बाजूंना तीन-तीन लोखंडी कड्या. झाकणाला खिळ्यांऐवजी सहा स्क्रू होते, आणि एक पेचकस त्यांनी पेटीबरोबर पाठवला होता. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "ठोकल्याचा आवाज घरात राहतो, गुरुजी. लेकरं आहेत ना." आमच्या वडिलांच्या वेळी झाकण खिळ्यांनी बंद केले होते आणि त्या सहा-सात ठोक्यांचा आवाज मी अजून ओळखू शकतो, म्हणून या स्क्रूंचे मोल मला वेगळे सांगावे लागले नाही.

दोष सांगायचे तर तीन आहेत. पेटी सकाळी दहाला मिळणार होती ती सव्वाअकराला मिळाली, आणि पोचवण्याची सोय मामांकडे नाही, त्यामुळे टेम्पो आपला आपण ठरवावा लागतो. रात्रीच ठरवला नाही तर सकाळी ऊस किंवा दूध सोडून कोणी येत नाही. शिवाय त्यांचा फोन रात्री बंद असतो, जाऊनच उठवावे लागते. पेटीचे ५,२०० रुपये झाले. पावतीपुस्तक नाही, मापाचा तोच काचकागद त्यांनी खाली रक्कम लिहून आमच्या हाती दिला. तो कागद भावाने बायबलमध्ये ठेवला आहे.

शीतपेटी तालुक्याच्या गावाहून मागवली होती. भावजयीचे माहेर पुण्याकडचे, तिचा भाऊ गुजरातमध्ये नोकरीला, त्याची वाट पाहणे भाग होते. एका रात्रीचे ३,००० रुपये आणि गाडीभाडे वेगळे. पेटी वेळेवर आली, एवढेच तिच्याविषयी चांगले सांगता येईल. आणून ठेवणारा मुलगा वायर लावून निघून गेला. ती वायर पडवीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटपर्यंत पोचत नव्हती, म्हणून शेजाऱ्यांच्या पिठाच्या गिरणीवरून जोड घ्यावी लागली. पहाटे दोन वाजता वीज गेली. आमच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालणार नाही, हे पेटी देणाऱ्याने सांगायला हवे होते. जनरेटर मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि त्या वेळात काच आतून धुक्यासारखी पांढरी झाली. रात्रभर भजनमंडळी बसली होती. आमच्याकडे रात्र टाळ, तबला आणि पेटी (म्हणजे वाजवायची पेटी, त्या रात्री हा शब्द उच्चारताना प्रत्येक जण अडखळत होता) यांवर भजने म्हणून काढतात, आणि यंत्राची घरघर इतकी होती की सूर धरणे अवघड जात होते. पुतणी मधूनमधून येऊन काचेवर फ्रॉकच्या टोकाने पुसत होती. दुपारी बारापर्यंत पेटी ठेवण्याचे कबूल केलेले असताना सकाळी नऊपासून ती परत मागणारे फोन सुरू झाले, कारण दुसरीकडे मयत झाली होती. त्या दुसऱ्या घराची अडचण मला समजते. एकच यंत्र असताना दोन घरांना शब्द देऊ नये, एवढे मात्र धंद्यातल्या माणसाला कळायला हवे.

तिला लग्नातली पांढरी साडी नेसवली होती. जुन्या बायकांनी हातांत हिरव्या बांगड्या भरल्या, कारण त्यांच्या लेखी सवाष्ण गेली होती, आणि चार पिढ्यांपूर्वी धर्म बदलला तरी तो शब्द काही बदललेला नाही. पाळकसाहेबांनी ते पाहिले आणि काही न बोलता प्रार्थना सुरू केली.

चर्चच्या मयत फंडाविषयी थोडक्यात: दर घरामागे महिन्याला तीस रुपये जमतात, आणि खजिनदार सकाळी सात वाजता दारात येऊन ४,००० रुपये रोख देऊन गेले. अर्ज नाही, सही नाही, समितीची बैठक नाही. माझ्या पाहण्यातली इतकी चांगली चाललेली दुसरी सार्वजनिक योजना मला आठवत नाही. फ्लेक्स गावातल्या मुलांनी परस्पर छापून आणला. त्यावर समई, कमळ आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" होते. छपाईवाल्याकडे तयार नमुना तोच एक आहे. मुलांनी वर्गणी काढून प्रेमाने केले होते, म्हणून आम्ही तो चौकात तसाच लागू दिला.

खड्डा गावातल्या तरुणांनी खणला. त्यात आमचे, मराठ्यांचे, मुसलमानांचे असे सगळे होते. साडेचार फुटांवर पाणी लागले. बादल्यांनी उपसून खाली दोन घमेली मुरूम टाकला तरी पाणी झिरपत राहिले. पेटी सोडण्यासाठी मामांनी दोर दिला नव्हता, खाटेला विणतात ती रुंद नवार दिली होती, आणि ओल्या हातांतून दोर जसा निसटतो तशी नवार निसटली नाही. तळ टिकला. पाळकसाहेबांनी मातीला माती, राखेला राख म्हटले, आणि ज्याने त्याने मूठमाती दिली. पुतणीला कोणी सांगितले नव्हते, तरी तिने आपल्या दोन्ही मुठी भरून घेतल्या, एक स्वतःची आणि एक घरी झोपलेल्या भावाची.

येथपर्यंतचा खर्च आणि त्रास मी विसरलोही असतो. जे विसरता येत नाही ते काम दगडाचे आहे.

आमच्या उपासनाक्रमात दहावे-तेरावे नाही आणि चाळिसावाही सांगितलेला नाही, पण चाळिसाव्या दिवसाच्या आसपास स्मरणार्थ उपासना ठेवून त्याच दिवशी कबरीवर दगड बसवण्याची रीत बऱ्याच घरांत पडली आहे. मीही त्याच घाईने ऑगस्टमध्ये शहरातल्या एका दगडवाल्याकडे गेलो. ग्रॅनाइटची पाटी, खाली विटांचा आणि सिमेंटचा चौथरा, सगळे मिळून २२,००० रुपये, आणि कोरण्याचा दर अक्षरामागे पंचवीस रुपये. अक्षर म्हणजे काय, यावर आमची पहिली तक्रार झाली. मी मराठीचा शिक्षक. माझ्या हिशेबाने "ख्रिस्तवासी" या शब्दात चार अक्षरे आहेत. त्यांच्या हिशेबाने जोडाक्षर म्हणजे दोन अक्षरे, म्हणून ती सहा. बायबलातील नीतिसूत्रे ३१:२८, ज्यात मुले उठून आईला धन्य म्हणतात, ते वचन पूर्ण कोरायचे होते. हिशेब ऐकून आम्ही फक्त अध्याय आणि ओवीचा आकडा कोरायचा ठरवला, आणि याची मला आजही लाज वाटते.

पाटी तयार होऊन आली तेव्हा नावाआधी "कै." कोरलेले होते. मी हाताने लिहून दिलेल्या कागदावर स्पष्ट "ख्रिस्तवासी" होते. कारागीर म्हणाला की सगळे हेच लिहितात आणि शिवाय एका अक्षरात काम होते. त्याचा हेतू वाईट नव्हता. मराठीत गेलेल्या माणसाच्या नावाआधी हात आपोआप ते अक्षर लिहितो, मी स्वतः शाळेच्या अहवालात हजार वेळा लिहिले आहे. पण ज्या घराने पिढ्यान्पिढ्या आपल्या माणसांच्या दगडावर "ख्रिस्तवासी", "प्रभूमध्ये निजली" असे शब्द वाचले, त्या घराला तिला कैलासवासी म्हटलेले कसे वाटेल, हे कागद वाचला असता तर कळले असते. दुसरी चूक मला अधिक लागली. तिच्या नावापेक्षा भावाचे नाव मोठ्या टाइपात होते, आणि तिचे माहेरचे आडनाव, जे तिच्या आईच्या आग्रहाने घातले होते, ते जागा पुरली नाही म्हणून गाळले होते.

नावाचा हा आग्रह हट्टाचा नाही. ज्यांच्यामुळे आमच्या भागात हा धर्म आला त्या अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभाशीच एका तरुण आईचा मृत्यू आहे. मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आले. त्याआधी १८१२ मध्ये हॅरिएट न्यूएल ही एकोणीस वर्षांची बाई, कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू न दिल्यामुळे पतीबरोबर मॉरिशसला निघालेली, जहाजावर बाळंत झाली. मूल वाटेतच गेले आणि ती ३० नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये गेली. तिचा पती सॅम्युएल पुढे मुंबईला येऊन काम करीत राहिला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला. दोनशे वर्षांनंतर तिची आठवण निघते ती तिच्या स्वतःच्या नावाने.

पाटी बदलून मिळाली नाही. "कै." बुजवून त्यावर क्रूस कोरून देण्याची तयारी त्यांनी दाखवली आणि चाळिसावा दोन दिवसांवर असल्यामुळे आम्ही ती मान्य केली. परंतु खरी चूक पाटीवरच्या अक्षरांपेक्षा मोठी होती, आणि ती माझी आणि दगडवाल्याची, अशी दोघांची होती. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. खणून परत लोटलेली माती पोकळ असते, ती एका पावसाळ्यात बसत नाही. खाली पेटीचे झाकण कुजून बसले की वरचा थर आणखी खचतो. अशा जागी चाळीस दिवसांत सिमेंटचा चौथरा बांधणे म्हणजे पाण्यावर भिंत घालणे आहे. दिवाळीपर्यंत एक कोपरा खचला, नाताळात चौथऱ्याला बोट जाईल एवढी चीर पडली, आणि २० एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या पहाटे, आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात गेलो तेव्हा पाटी एका अंगाला इतकी कलली होती की पुतणीने तिला दोन्ही हातांनी ढकलून सरळ करण्याचा प्रयत्न केला. दगडवाल्याला फोन केला, तर ते म्हणाले, "माती तुमची, दगड माझा. दगडाला काही झालंय का?" दगडाला खरोखरच काही झाले नव्हते.

अशा कामात वर्षानुवर्षे असणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला थांब म्हणून सांगणे हाही सेवेचाच भाग आहे. शोकातला माणूस घाई करतो, कारण काहीतरी करीत राहिल्याशिवाय त्याला राहवत नाही. ज्यांना असा दगड बसवायचा असेल त्यांनी काळ्या जमिनीत निदान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा जाऊ द्यावा, मजकूर कागदावर टाइप करून त्यावर कारागिराची सही घ्यावी, कोरण्याआधी खडूने आखलेली पाटी स्वतः जाऊन पाहावी, आणि अक्षर कसे मोजणार हे दर ठरवण्याआधी विचारावे.

मे महिन्यात आम्ही चौथरा काढून टाकला. पाटी चर्चच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. नवी करायची की हीच दुरुस्त करायची, हे भावाने ठरवायचे आहे. मधल्या काळात कबर ओळखू यावी म्हणून मी पुन्हा सुतारमामांकडे गेलो. त्यांनी बाभळीचा क्रूस करून दिला, वाळवी लागू नये म्हणून जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासले, आणि पैसे विचारले तेव्हा बाभूळ माझ्या बांधावरची आहे एवढेच म्हणाले. नाव मी ऑइलपेंटने लिहिले आहे: आधी तिचे, मग माहेरचे, मग आमचे, सगळे एकाच मापाच्या अक्षरांत.

त्यानंतरच्या दिवाळीत मामा आमच्या गावात एका चौकटीच्या कामाला आले होते. संध्याकाळी परत जाताना ते कोणी न सांगता कबरस्थानात वळले आणि कोणाकडून तरी पहार मागून घेतली. मी आणि भाऊ बरोबर होतो. त्यांनी कबरीच्या पायथ्याशी पहार उभी धरली आणि जोर न लावता नुसती सोडली. ती दीड वीत आत गेली. त्यांनी ती काढून घेतली, टोकाची माती अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "अजून नाही, गुरुजी."